सोशल मीडिया: राहावं की बाहेर पडावं?

या वादात राहणारे माणसांबद्दल बोलतात आणि सोडणारे फीडबद्दल, म्हणजे समोर सरकत राहणाऱ्या पोस्टच्या रांगेबद्दल. त्यामुळे दोघांचंही पटतं आणि आपला निर्णय लांबतो.

राहण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला तोंडओळखीचा वाटतो. जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेकदा आपल्यालाही ठाऊक असतंच; नवी खबर लांबच्या ओळखीतून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हाही नोकरी बदलण्यात सैलसर ओळखींचाच हात मोठा दिसला. दुर्मीळ आजार असलेल्यांना तर समदुःखी माणूस दुसरीकडे कुठे भेटणार?

आता दुसरी बाजू. रात्री एका मेसेजला उत्तर द्यायला अ‍ॅप उघडायचं, उत्तर द्यायचं आणि बोट आपोआप खाली सरकायला लागतं. पाऊण तास कुठे गेला कळत नाही. पूर्वी पान संपलं की 'पुढे'वर टिचकी मारावी लागे, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. आता पान संपतच नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. खाजगी माहितीचं तर विचारूच नका: सुमारे ८.७ कोटी लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली असावी, हे फेसबुकने २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं.

सोडल्यावर काय होतं? २०१८ मध्येच अमेरिकेत संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, राजकीय कडवटपणा कमी झाला, मनाला बरं वाटलं, पण किंचितच. आणि चालू घडामोडींची माहितीही घटली. म्हणजे सोडल्याने आयुष्य पालटेल, या भ्रमात राहू नये.

गिऱ्हाईक, काम किंवा एखादा गट तिथे असेल तर राहा, पण फोनवरचं अ‍ॅप काढून ब्राउझरमधून उघडा; तेवढ्या कटकटीनेही तिथल्या चकरा कमी होतात. नुसतंच स्क्रोल करत असाल तर खुशाल बाहेर पडा. मन डळमळत असेल तर आधी अकाउंट डीअ‍ॅक्टिव्हेट करा, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवा; त्यात सगळं जागच्या जागी राहतं. फेसबुकवर डिलीट केलं तर विचार बदलायला ३० दिवस मिळतात. डिलीट करण्याआधी फोटो डाउनलोड करून घ्या, आणि त्याच अकाउंटने इतरत्र लॉगिन करत असाल तर ते आधी बदला.