‘लायसन संपलं’ म्हणत दरवर्षी पैसे नेणारा डबा

आमची लातूरच्या एमआयडीसीत डाळमिल आणि मार्केट यार्डात आडतीचं दुकान. टॅली मिलमधल्या सर्व्हरवर चालतं, दुकानातला मुनीम तिथूनच व्हीपीएन (इंटरनेटवरून मिलच्या सर्व्हरला जोडणारा सुरक्षित रस्ता) लावून पट्ट्या आणि बिलं टाकतो. त्यासाठी २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका विक्रेत्यानं मिलमध्ये ‘फायरवॉल अप्लायन्स’ बसवून दिला. म्हणजे बाहेरच्यांना नेटवर्कमध्ये शिरू न देणारं आणि व्हीपीएन चालवणारं यंत्र. निळा पत्र्याचा डबा, वर त्याच्याच कंपनीचं स्टिकर. किंमत ५८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि दरसाल १६,५०० रुपये ‘लायसन रिन्यूअल’. यार्डात आणखी काही दुकानांत हाच डबा दिसतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

रिन्यूअलचे पैसे थकले की ठरल्या तारखेला व्हीपीएन बंद. फोन केला की उत्तर ठरलेलं: “शेठ, लायसन एक्स्पायर झालंय. कंपनीच्या सर्व्हरवरून आपोआप लॉक होतं, माझ्या हातात काही नाही.” इकडं २० तारखेचं जीएसटी रिटर्न तोंडावर, बाहेर आवक उतरायलेली, वाद कोण घालणार? पैसे गेले की अर्ध्या तासात सगळं सुरळीत.

पुढं आम्ही २०० एमबीपीएसची फायबर लाइन घेतली. लॅपटॉप थेट मोडेमला जोडला की पूर्ण वेग मिळायचा, डब्यातून मात्र ऐंशीच्या आसपासच. त्यावर विक्रेत्याचा उपाय: ‘हाय-स्पीड लायसन’, २२ हजार रुपये.

दिवाळीला भाचा आला होता. पुण्यात नेटवर्कचंच काम करतो. डब्याचे स्क्रू काढले आणि तो हसायलाच लागला. “मामा, हा बोर्ड तर म्युझियममध्ये ठेवायचा.” आत पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा अ‍ॅलिक्स बोर्ड होता: ५०० मेगाहर्ट्झचा, जुन्या पिढीचा ३२ बिट प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि डिस्कच्या जागी जुन्या कॅमेऱ्यात असायचं तसलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. तिन्ही पोर्ट १०० एमबीपीएसचे, कोटेशनमध्ये मात्र ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएस. १०० च्या पोर्टमधून २०० कुठलं लायसन काढणार? बोर्डाला नावं ठेवत नाही. पंखा नाही, वीज नाममात्र, आणि डाळीच्या धुळीत एकदाही बंद पडला नाही. पण अप्लायन्स नवीन म्हणून विकला होता.

आतलं सॉफ्टवेअर होतं पीएफसेन्स, फायरवॉल चालवणारं. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, कम्युनिटी आवृत्ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. विक्रेत्यानं लॉगिनच्या पानावर फक्त स्वतःचा लोगो चिकटवला होता. आवृत्ती २.३. ऑक्टोबर २०१७ मध्ये २.४ आली, तेव्हाच पीएफसेन्सनं ३२ बिट मशीन सोडून दिल्या. म्हणजे आम्ही डबा घेतला त्या दिवसापासूनच त्यावर पुढची आवृत्ती चढणं शक्य नव्हतं. तरी रिन्यूअलच्या प्रत्येक बिलात ‘सिक्युरिटी अपडेट्ससह’ असं छापलेलं.

अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला की ‘कंपनीची पॉलिसी नाही’ हे उत्तर. भाच्यानं लॅपटॉपवरून थेट डब्याला सिरियल केबल लावली. समोर आलेल्या मेनूत तीन नंबरचा पर्याय पासवर्ड रिसेट करण्याचाच निघाला. आत गेल्यावर पहिलं दिसलं ते हे, की फायरवॉलचं सेटिंगचं पान बाहेरच्या सगळ्या इंटरनेटला उघडं होतं. विक्रेत्याला घरबसल्या शिरता यावं म्हणून.

खरी मेख सर्टिफिकेटमध्ये होती. व्हीपीएन ज्या सर्टिफिकेटवर, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल फाइलीवर चालतं, त्याची मुदत बनवणारा स्वतः टाकतो. या सॉफ्टवेअरमध्ये ती दहा वर्षांचीही ठेवता येते. यानं टाकली होती ३६५ दिवस. कुठलं लायसन नाही, कुठला सर्व्हर नाही. मुदत संपली की जोडणी तुटायची, आणि पैसे मिळाले की हा बाहेरून शिरून नवीन सर्टिफिकेट करून द्यायचा. आमच्याच घराचं कुलूप दरवर्षी बदलून किल्ली आम्हालाच विकत होता म्हणा. भाच्यानं चहा येईपर्यंत नवीन सर्टिफिकेट करून दिलं.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “ओपन सोर्स म्हणजे फुकट नसतं, शेठ. आम्ही सपोर्टचे पैसे घेतो.” हे अर्धं खरं आहे. पीएफसेन्सचा अपाची परवाना पैसे घेऊन काम करायला आडवा येत नाही, आणि बसवणाऱ्याच्या मेहनतीचं मोल द्यायला आम्ही कधी कुरकुर केली नसती. पण बिलावर ‘लायसन’ लिहायचं, मुदत आपणच टाकायची आणि खापर कंपनीच्या सर्व्हरवर फोडायचं, याला सपोर्ट म्हणत नाहीत.

वकिलांनी सांगितलं की खरेदी धंद्यासाठी असल्यानं २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण सहसा ग्राहक ठरत नाही. दिवाणी दावा किंवा फसवणुकीची तक्रार हाच रस्ता. कोटेशन, बिलं आणि ‘लायसन एक्स्पायर’चे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मात्र जपून ठेवा म्हणाले. तुमच्याकडं असा डबा असेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड आणि सेटिंगच्या बॅकअपची फाइल लेखी मागा. सगळी सेटिंग त्या एकाच फाइलीत असतात. बोर्डाचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बिलावर लिहून घ्या. व्हीपीएन तुटलं तर पैसे पाठवण्याआधी कॉम्प्युटरवरचा व्हीपीएनचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडून बघा, सर्टिफिकेटची मुदत संपली असेल तर तिथं तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता मिलमध्ये चार गिगाबिट पोर्टांचा ६४ बिट छोटा पीसी आहे, त्यावर ओपीएनसेन्स. हे पीएफसेन्सपासूनच २०१५ मध्ये वेगळं झालेलं. लातूरच्याच एका पोरानं बसवलं. मशीनचं बिल वेगळं, मजुरीचं वेगळं, पासवर्ड आमच्या तिजोरीत.

विक्रेत्याला नोटीस गेली. ‘लायसन’ हा शब्द बिलात छपाईच्या चुकीनं पडला, असं त्याच्या वकिलाचं उत्तर आलंय. सगळ्या बिलांत तीच चूक आहे.