कमी पगाराचा अनुभव घेऊन पीआर: कॅनडा की ऑस्ट्रेलिया?

माझ्या मावसभावाने भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढली. पगार नऊ हजार, तोही रोख. सात तारखेला मालक व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्यायचे आणि पाकीट हातात द्यायचे. आता पीआरचा, म्हणजे परदेशात कायम राहायच्या परवानगीचा, विचार सुरू झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, नऊ हजारांची नोकरी तिकडे नोकरी म्हणून धरतील का?"

धरतात, दोन्ही देशांत. भारतातल्या अनुभवाला किमान पगाराची अट कुठेच नाही आणि रुपयांचे डॉलर करून कोणी तोलत नाही. (न्यूझीलंडच्या स्किल्ड मायग्रंट व्हिसात पगार बघतात, पण तो तिथल्या नोकरीचा.) फरक आहे तो पुराव्यात आणि अर्जाला मिळणाऱ्या गुणांत.

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर या पीआर योजनेत मागच्या 10 वर्षांत सलग एक वर्ष, आठवड्याला 30 तासांचं पगारी काम लागतं, आणि ते टीअर (कॅनडाने कामांचे ठरवलेले स्तर) 0 ते 3 मधलं हवं. बिनपगारी इंटर्नशिप धरत नाहीत. मुख्य कागद म्हणजे कंपनीचं पत्र. त्यात हुद्दा, कामं, तास आणि वार्षिक पगार सगळं लिहावं लागतं, आणि कमी पगार नडतो तो इथे. हुद्दा "प्रोडक्शन मॅनेजर" आणि पगार नऊ हजार असं दिसलं की अधिकाऱ्याला शंका येणारच. भावाच्या पत्राचा पहिला मसुदा असाच होता. मी तो बदलायला लावला. तो खरोखर करायचा ते काम, म्हणजे ड्रॉइंग वाचून सीएनसीवर जॉब लावणं, टूल बदलणं, मायक्रोमीटरने माप तपासणं, तेवढंच लिहिलं. हे मशिनिस्टचं काम आहे, टीअर 2 मध्ये बसतं आणि पगाराशीही जुळतं.

ऑस्ट्रेलियात अर्जाच्या आधीच स्किल असेसमेंट, म्हणजे कौशल्याची तपासणी, करून घ्यावी लागते: आयटीवाल्यांना एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) कडून, इंजिनिअरना इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून, बऱ्याच ट्रेडवाल्यांना ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाकडून. गुणांसाठी मोबदला घेऊन आठवड्याला किमान 20 तासांचं काम धरतात. पण नुसत्या पत्रावर भागत नाही. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, टॅक्सचे कागद, पीएफ असा पैशाचा माग दाखवावा लागतो. आता बघा, 20 पेक्षा कमी कामगार असलेल्या वर्कशॉपला पीएफ सक्तीचा नाही. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली, म्हणून टीडीएस नाही आणि फॉर्म 16 ही नाही. रोख पगार, म्हणजे बँकेत नोंद नाही. पगार कमी असणाऱ्याचं खरं नुकसान रकमेपेक्षा या कागदांत होतं.

गुणांचा हिशेबही वेगळा. ऑस्ट्रेलियात परदेशी अनुभवाला तीन वर्षांखाली शून्य, तीनला 5, पाचला 10, आठला 15. एसीएस तर सुरुवातीची काही वर्षं वजा करून मोजते. कॅनडाच्या क्रमवारीत तीन वर्षांनंतर वाढ थांबते, पण सोबत इंग्रजीची सीएलबी 9 पातळी असेल (आयईएलटीएस परीक्षेत लिसनिंगला 8, बाकी तिन्हींत 7) तर तिथेच 50 गुण मिळतात. म्हणून अनुभव तीन-चार वर्षांचा आणि इंग्रजी पक्कं असेल तर मी कॅनडा म्हणेन. आठ वर्षं झालीत आणि पगार थोडा असला तरी दर महिन्याला खात्यात जमा झालाय, तर ऑस्ट्रेलिया.

कॅनडाची एक गोष्ट मात्र थोड्या पगाराच्या माणसाला फार जड जाते. कॅनडात कामाची परवानगी आणि तिथल्या नोकरीची ऑफर हे दोन्ही नसेल तर हातात पैसे दाखवावे लागतात, 2025 च्या आकड्याने एकट्याला 15,263 कॅनेडियन डॉलर. ते उसने चालत नाहीत आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक येते.

"पत्रात पगार वाढवून लिहू, सगळेच लिहितात" असं एका एजंटने भावाला सांगितलं होतं. कृपा करून हे करू नका. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ऑस्ट्रेलिया साधारण तीन.

भावाने कॅनडा ठरवलंय. गेल्या रविवारी तो मालकांकडे जाऊन आला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत 48 पैकी 41 व्हाउचर सापडली. उरलेली सात भिजून एकमेकांना चिकटली होती. ती सोडवायच्या आधी फोटो काढ, असं मी त्याला सांगितलंय.