तीस डॉलरचे स्टेअरिंग रॅक बुश आणि सोबत आलेली ग्रीसची पुडी: टॅकोमा २००३, काही महिन्यांच्या वापरानंतर

तेराशे डॉलर. माझ्या टोयोटा टॅकोमा पिकअपचा स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा आणि त्याची नळी) बदलायचा, तोही रीमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुनाच नीट करून विकलेला, वर मजुरी, वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. कोटेशनचा कागद हातात देताना गॅरेजवाल्याने शांतपणे सांगितलं, ‘बुश वेगळे मिळत नाहीत, अख्खा रॅकच घ्यावा लागतो.’ बुश, म्हणजे रॅकला चेसिसवर धरून ठेवणाऱ्या गाद्या, वेगळे मिळतात. रबराचे मिळतात, रबरापेक्षा कडक अशा पॉलीयुरेथेनचे मिळतात, आणि मिळत नसते तरी कोल्हापुरातल्या माझ्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलंच होतं, ‘दादा, माप पाठव. उद्यमनगरात लेथवर नायलॉनचे करून घेतो, येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडतो.’ ती वेळ आली नाही. पण त्या तेराशेच्या रागातूनच हे सगळं सुरू झालं, म्हणून आधी सांगितलं.

गाडी अशी: एक्स्ट्रा कॅब (पुढच्या सीटमागे थोडी जादा जागा), ३.४ लिटरचं व्ही-सिक्स, फोर बाय फोर. चेसिस नंबर ५टीईने सुरू होतो, म्हणजे इथल्या, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्याच नुमी कारखान्यातली, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर जन्मलेली. टोयोटा आणि जीएमचा तो भागीदारीतला कारखाना २०१० साली बंद पडला. आता तिथून टेस्ला बाहेर पडतात आणि सिग्नलला माझ्या शेजारी आवाज न करता उभ्या राहतात. असो.

लक्षणं सगळ्यांना माहीत असतील, तरी थोडक्यात. स्टेअरिंग वळवलं की गाडी लगेच वळत नाही, क्षणभर विचार करते, मग वळते. हायवे ८८० वर हे फार जाणवायचं. इथल्या ऑकलंडमध्ये हायवे ५८० वर साडेचार टनांवरच्या ट्रकना बंदी आहे, त्यामुळे सगळा माल ८८० वरून जातो आणि उजवीकडच्या लेनमध्ये चाकांच्या खाचा पडल्यात. त्या खाचांमध्ये माझी गाडी आपल्या मनाने चालायची. गॅरेजवाल्याचं म्हणणं, रॅक आतून झिजलाय. पण रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी आवरणं कोरडी, तेलाची गळती नाही, रॅक चाकाला जोडणाऱ्या टायरॉडला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. मग प्ले येतो कुठून?

हे बघायला यंत्र लागत नाही, दुसरं माणूस लागतं. इंजिन चालू, हँडब्रेक वर, चाकं जमिनीवर, गाडी जागेवर. मी समोरून खाली डोकं घालून टॉर्च धरला आणि बायकोला म्हटलं, ‘स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलव.’

‘हलवतेय की! अजून किती हलवू?’

‘अगं पुरे, दिसलं.’

अख्खा रॅक क्रॉसमेंबरवर, म्हणजे चेसिसच्या आडव्या तुळईवर, आडवा सरकत होता. आतले गिअर ठणठणीत, पण त्यांचं घरच जागेवर नाही. एका टोकाला आरपार बोल्टचे गोल बुश असतात, दुसऱ्या टोकाला नळीभोवती पट्टीखाली दाबलेलं डी आकाराचं रबर. ते डी रबर पट्टीतून बाहेर फुगून आलं होतं. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी पॉवर स्टेअरिंगचं तेल गळलं असणार. टोयोटा त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, वापरते, आणि तेल प्यालेलं रबर मऊ पडतं. बोटाने दाबलं तर खचत होतं.

एक गोष्ट मात्र बुशच्या आधी करा. या गाडीत खालचा बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोळ्याचा सांधा) असा बसवलाय की गाडीचं वजन त्याला खोबणीतून बाहेर ओढतं. झिजला तर नुसता खडखडत नाही, निखळतो, आणि चाक आडवं होतं. २००५ साली टोयोटाने त्याच जॉइंटसाठी रिकॉल काढला, म्हणजे गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, त्यात २००१ ते २००४च्या टॅकोमा होत्या. स्टेअरिंग ढिलं वाटतंय म्हणून बुश बदलायचे आणि बॉल जॉइंटकडे बघायचंच नाही, असं करू नका. माझे नवे होते, पावती होती.

तर सेट मागवला. लाल पॉलीयुरेथेन, अमेरिकन बनावट, तीस डॉलरच्या आत. नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल बोलायचंय.

कामाबद्दल थोडं. पूर्वेकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या टॅकोमांच्या चेसिसला गंजाने भोकं पडली. २००८ मध्ये टोयोटाला १९९५ ते २०००च्या गाड्यांच्या चेसिसची वॉरंटी पंधरा वर्षांवर न्यावी लागली, ते याच कारणाने. इथे कॅलिफोर्नियात मीठ नाही, म्हणून बोल्ट लांब पान्याच्या एका हिसक्यात सुटले. मिठाच्या मुलखातल्या मिशिगनवाल्यांनी माझ्या या वाक्यावर विसंबून शनिवारची योजना आखू नये. तेलाचे पाइप मी सोडले नाहीत. स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा) काढली, बाहेरचे टायरॉड एंड सोडवले, स्टेअरिंगच्या दांड्याचा जोड पांढऱ्या रंगाची खूण करून सरकवला. तेवढ्यावर रॅक पाइपांसकट पुढे येतो, काम करण्यापुरता.

दांडा सोडण्याआधी स्टेअरिंग बांधून ठेवा. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट चाकाच्या आऱ्यांतून घालून खटक्यात अडकवला. दांडा सुटा असताना स्टेअरिंग गरागरा फिरलं तर आतली एअरबॅगची गुंडाळी-पट्टी तुटते. मग एअरबॅगचा दिवा, बंद हॉर्न आणि बुशच्या कित्येक पट खर्च.

डी रबर हाताने निघालं. गोल बुशांनी मात्र दम काढला. जुन्या बुशला बाहेरून पातळ पोलादी कवच असतं, ते रॅकच्या कानात, म्हणजे बोल्टच्या भोकाच्या कडीत, घट्ट बसलेलं. आतलं रबर ड्रिलने पोखरून काढलं, मग हॅकसॉचं नुसतं ब्लेड एका टोकाला चिंधी गुंडाळून भोकातून घातलं आणि कवचाला आतून चीर पाडली. इथे घाई नको. ब्लेडचा आवाज बदलला की थांबायचं. पोलाद कापताना किरकिर असते, रॅकच्या कानाला लागलं की आवाज बसका होतो. चीर पडल्यावर छिन्नीचं टोक लावून कवच आत दुमडलं आणि ते बाहेर आलं. नवे बुश आटेवाली सळई, दोन जाड वॉशर आणि पान्याची मोठी गोटी (सॉकेट) वापरून ओढून बसवले. बोल्ट फॅक्टरी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, कसले. रेंच पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिटवर आणला होता. परत केला की डिपॉझिट परत, म्हणजे फुकट. ही सोय भारतात कुणीतरी सुरू करायला हवी.

दुसऱ्या दिवशी नाइल्स कॅनियनच्या रस्त्याने सुनोलपर्यंत गेलो. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला खाडीसारखा ओढा, दुसऱ्या बाजूला कातळ. खरं सांगतो, गाडी वीस वर्षांनी तरुण झाली. स्टेअरिंग जिथे नेलं तिथे चाक, मधला तो विचार बंद. त्या रात्री मी मित्रांना लांबलचक निरोप पाठवला, ‘डोळे मिटून घ्या, रबर विसरा.’ तो निरोप आता अर्धा मागे घेतो.

कारण एक: पॉली काहीच लपवत नाही. आधी मऊ रबरात जिरून जाणारी पुढच्या टायरची थरथर आता पासष्ट मैलांच्या वेगाला थेट हातात येऊ लागली. टायर बॅलन्स करून घेतल्यावर ती गेली, म्हणजे दोष टायरचाच. पण हायवेच्या काँक्रीटचे जोडसुद्धा आता एकेक मोजता येतात. मला चालतं. आईला मागे बसवून देवळात नेणाऱ्याला कदाचित चालणार नाही.

कारण दोन, आणि माझा खरा राग इथे आहे: ग्रीस.

या सेटमध्ये ग्रीसची एक पुडी येते. पानवाला पानाला चुना लावतो, तेवढं ग्रीस त्यात असतं. पॉली आणि धातू यांच्यामध्ये चिकट, पाण्याने न धुपणारं ग्रीस नसेल तर ते कुरकुरतं. ही काही गुप्त विद्या नाही, पाकिटाच्या मागे त्यांनी स्वतःच छापलंय, ‘सर्व पृष्ठभागांना भरपूर ग्रीस लावा.’ भरपूर! गोल बुशांच्या आतून-बाहेरून आणि त्यांच्या नळ्यांना लावेपर्यंत पुडी चपटी झाली. डी बुशच्या वाट्याला तिच्यातलं ओरपून काढलेलं उरलंसुरलं आलं. दुसरं म्हणजे, काही कंपन्या बुशच्या आतल्या बाजूला बारीक खाचा ठेवतात, त्यात ग्रीस टिकून राहतं. याची आतली बाजू गुळगुळीत, काचेसारखी. खाचा पाडायला किती पैसे लागतात?

उन्हाळाभर काही झालं नाही. नोव्हेंबरात पहिला पाऊस आला, सकाळी गारठा पडला, आणि सुरू. कुर्र… कुईं. फक्त हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण वळवताना, म्हणजे नेमकं पार्किंगमध्ये, लोकांसमोर. इंडियन ग्रोसरीच्या दुकानाबाहेर एक गृहस्थ ट्रॉली थांबवून वळून बघत राहिले. बायको म्हणाली, ‘अरे, त्यापेक्षा ते तेराशे दिले असते तर?’ या वाक्यानंतर मी कामाला लागलो.

दिलासा एवढाच की हे दुरुस्त करायला रॅक उतरवावा लागत नाही. आवाज डी बुशचाच होता. पट्टीचे बोल्ट काढले, बुशला एका बाजूने चीर असतेच, ती उघडून बुश बाहेर घेतला. ग्रीस जवळजवळ संपलेलं, एका कडेला घासून चकाकी आलेली. सिलिकॉनचं चिकट ग्रीस, अकरा डॉलरची ट्यूब. साधं लिथियमचं पिवळं ग्रीस लावू नका, दोन पावसांत धुऊन जातं. आत-बाहेर जाड थर दिला, पट्टी पुन्हा टॉर्कला कसली. त्यानंतर फेब्रुवारीचा मुसळधार पाऊस झाला, गाडी एकदाही बोलली नाही. अर्धी ट्यूब अजून शिल्लक आहे.

अलाइनमेंटबद्दल. टायरॉडची लांबी बदलली नव्हती, पण सैल बुशांमुळे आधी रॅक एका बाजूला सरकून बसायचा, तो आता मध्ये आला. त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं डावीकडे कललेलं राहायचं. अलाइनमेंटवाल्याने गाडी वर घेतली, लाल बुश बघितले आणि म्हणाला, ‘आफ्टरमार्केट, बाहेरच्या कंपनीचे पार्ट आहेत, आम्ही गॅरंटी देत नाही.’ अलाइनमेंटची गॅरंटी, बुशची नव्हे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. वर ‘फोर बाय फोर’ म्हणून जादा पैसे, आणि टायरॉड बदलण्याची सूचना. टायरॉड हलवून दाखव म्हटलं, हलला नाही, सूचना मागे. कागदावर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) आकड्यात बसला, स्टेअरिंग सरळ झालं, एकशे तीस दिले.

म्हणजे बुश तीस, ग्रीस अकरा, अलाइनमेंट एकशे तीस. टायर बॅलन्सिंग धरत नाही, ते कधीतरी करायचंच होतं. तेराशेच्या जागी दोनशेच्या आत. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे टेकू) माझ्याकडे होते, पण ज्यांना विकत घ्यायचेत त्यांनी स्वस्तातले बघून घ्या. २०२० मध्ये इथल्या एका मोठ्या स्वस्त हत्यारांच्या दुकानाने लाखो जॅक स्टँड परत मागवले होते, भार असताना खटका सुटण्याची शक्यता होती म्हणून. अंगावर गाडी घेऊन वाचवलेले हजार डॉलर कुणाच्या कामाचे?

आजचं मत विचाराल तर: खाचखळग्यांत, डोंगरात, ट्रेलर ओढायला गाडी वापरत असाल तर पॉली घ्या, आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब त्याच ऑर्डरमध्ये टाका. गाडी फक्त ऑफिस आणि किराणा करत असेल तर रबराचेच बरे. थोडे मऊ राहतील, पण गप्प बसतील. बोल्ट काही आठवड्यांनी पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. माझा पट्टीचा एक बोल्ट किंचित फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत.

पुडीबद्दल मी कंपनीला सविस्तर ईमेल केला होता, फोटोंसकट. उत्तर नम्र आलं. आमच्या ग्राहकांसाठी ग्रीसची खास ट्यूब वेगळी उपलब्ध आहे, किंमत बारा डॉलर, शिपिंग वेगळं.