एटी८९एस५२ आणि असेंब्ली: बटणं, दिवे आणि काही महिन्यांचा वापर

मखरातल्या एलईडी पट्ट्या बटणाने बदलता याव्यात म्हणून एटी८९एस५२ ही मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी छोटी संगणक-चिप) घेतली होती. गणपती गेले, मखर माळ्यावर चढलं, बोर्ड जिन्यात आला. आता तो रोज रात्री जिन्यातले दिवे सांभाळतो. तेवढ्या वापरावरून माझं मत असं की दिवे लावायला असेंब्लीची, म्हणजे चिपच्या मूळ सूचनांत थेट प्रोग्राम लिहिण्याची, गरज नाही. ती शिकण्याचं चीज होतं ते बटण वाचताना.

चिप ४० पायांची, ८ किलोबाइट फ्लॅश, २५६ बाइट रॅम. घराणं इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१चं, त्यामुळे डिप्लोमा केलेल्या बऱ्याच जणांची हिच्याशी जुनी ओळख असते. प्रोग्राम चढवायला स्वस्तातला यूएसबीएएसपी (यूएसबीला लावायचा प्रोग्रामर) पुरतो. ३१ नंबरची ईए पिन तेवढी ५ व्होल्टला जोडा, नाहीतर चिप स्वतःची फ्लॅश सोडून बाहेरची मेमरी शोधत बसते.

दिव्यांकडे आधी. हिच्या पिना करंट ओढून घेतात बऱ्यापैकी, पण द्यायची वेळ आली की हात आखडता. साधा एलईडी लावायचा तर तो ५ व्होल्ट आणि पिनेच्या मध्ये, रेझिस्टरसह. पिन शून्य केली की पेटतो. पट्ट्यांसाठी मी यूएलएन२८०३ (जास्त करंट पेलणारी ड्रायव्हर चिप) वापरला आणि पोर्ट शून्यवर (पोर्ट म्हणजे आठ पिनांचा गट) ४.७ किलोओहमचे पुलअप, म्हणजे पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर, दिले, कारण त्या पोर्टला आतले पुलअपच नसतात. इथे एक गंमत होते. रिसेटला सगळे पोर्ट एकवर जातात आणि यूएलएनला एक म्हणजे ‘लाव’. त्यामुळे वीज आली की सगळा जिना क्षणभर उजळतो, आणि प्रोग्राम चढवताना रिसेट धरून ठेवलेला असल्यामुळे तो संपेपर्यंत उजळलेलाच राहतो. घरच्यांना सवय झाली आहे.

बटण पी३.२ (पोर्ट तीनची २ नंबरची पिन) आणि ग्राउंडमध्ये. आतला पुलअप आहे, पण जिन्याची वायर लांब म्हणून बाहेरून १० किलोओहम दिला. वाचण्याआधी त्या पिनेवर एक लिहिलेला हवा. दाबलेलं बटण काही मिलिसेकंद थरथरतं, म्हणून पुस्तकी पद्धत अशी: जेबीने (बिट एक असेल तर उडी मारणारी सूचना) वाट बघा, २० मिलिसेकंद थांबा, पुन्हा बघा, दिवा उलटवा, बटण सुटेपर्यंत फिरत राहा. चालतं, पण बोट बटणावर असेपर्यंत बाकी सगळं ठप्प. पळते दिवे असतील तर ते लगेच डोळ्यात येतं.

त्यापेक्षा टायमर शून्यने दर ५ मिलिसेकंदांनी इंटरप्ट (चालू काम थांबवून छोटं काम करायला लावणारा इशारा) द्यायचा. १२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल बरोबर १ मायक्रोसेकंदाची, म्हणजे टायमरमध्ये ६५५३६ वजा ५०००. इंटरप्टमध्ये पिन कॅरी नावाच्या बिटात घ्या, आरएलसीने (डावीकडे सरकवणारी सूचना) एका बाइटमध्ये सरकवा आणि बाइट ८० हेक्स (बायनरीत १०००००००) झाला का ते सीजेएनईने (तुलना करून वेगळं असेल तर उडी मारणारी सूचना) तपासा. ८० हेक्स म्हणजे सर्वात जुना नमुना ‘सुटलेलं’, नंतरचे सातही ‘दाबलेलं’. ही स्थिती एका दाबण्यात एकदाच येते. मग सीपीएल (बिट उलटवणारी सूचना), संपलं. थरथर आपोआप गाळली जाते आणि मुख्य प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. हे सीमध्येही लिहिता येतं, पण आरएलसीने एकेक बिट सरकताना बघितल्यावर जे डोक्यात बसतं ते वेगळं.

आणखी एक खाचखळगा. सीपीएल पी१.० ही सूचना लॅच, म्हणजे आपण पिनेसाठी लिहिलेली किंमत जिथे साठते ती जागा, वाचते, तर मूव्ह सी, पी१.० प्रत्यक्ष पिन. पिनेवर थेट ट्रान्झिस्टरचा बेस असेल तर एक लिहूनही तिथे जेमतेम ०.७ व्होल्ट उरतात आणि वाचलं की शून्य येतो. दिव्याची स्थिती पिनेला विचारू नका, रॅमच्या २० ते २F हेक्समधल्या बिटांत ठेवा. ते बिट स्वतंत्र उलटवता येतात.

तक्रारी आहेतच. चिपमध्ये डीबगर नाही, एखादा रिकामा एलईडी हाच साक्षीदार. जेबीची उडी १२७ बाइटच्या पुढे गेली की असेंबलर अडतो, मग अट उलटी करून एलजेएमपी (लांब उडीची सूचना) घाला. स्टॅक (तात्पुरती माहिती ठेवायची जागा) दाखवणारा पॉइंटर रिसेटनंतर ०७ वर असतो, त्यामुळे पहिली नोंद ०८ वर, म्हणजे दुसऱ्या रजिस्टर बँकेत (कामाच्या आठ बाइटांच्या गटात) जाते; ती बँक वापरणाऱ्यांनी तो आधी हलवावा. फ्लॅश १०,००० वेळा लिहिता येते म्हणतात. घरगुती प्रयोगांना भरपूर.

पाच-सहा बटणं आणि आठ दिव्यांपर्यंत मी हीच चिप घेईन. दिवे मंद-प्रखर करायचे असतील तर घेऊ नका. हिच्यात पीडब्ल्यूएमचं (दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याचं) हार्डवेअर नाही, ते सगळं टायमरने हाताने करावं लागतं. त्यासाठी एटीमेगा३२८पी हा दुसरा मायक्रोकंट्रोलर बरा, पीडब्ल्यूएमचे सहा चॅनेल तयार मिळतात.