अनुदानाचा अहवाल सोपा करून देणाऱ्याने १,६२,५५८ रुपये नेले

तासगाव तालुक्यातील एका गावात वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र चालवणाऱ्या लहानशा संस्थेची मी सचिव आहे. केंद्र सरकारच्या एका योजनेतून २०२४-२५ या वर्षासाठी आम्हाला ९,६०,००० रुपये अनुदान मिळाले होते. त्यातले ८,२२,५४० रुपये खर्च झाले आणि १,३७,४६० रुपये अखर्चित राहिले. ही रक्कम आणि अनुदानावर मिळालेले ६,२१८ रुपये व्याज, असे एकूण १,४३,६७८ रुपये सरकारजमा करायचे होते. ते सरकारात पोहोचलेच नाहीत. अनुदानाचा अहवाल तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे १८,८८० रुपये धरून १,६२,५५८ रुपये एका माणसाने आमच्याकडून नेले, आणि दोन्ही वेळा पैसे पाठवण्याचे काम मी स्वतःच्या हाताने केले.

अनुदानाचा हिशोब ज्यांनी एकदा तरी सादर केला आहे, त्यांना माझी तेव्हाची मनःस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अनुदान कशावर खर्च झाले हे सांगणारे, केंद्राच्या वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, सीएची सही, पीएफएमएस या सरकारी निधीचा हिशोब ठेवणाऱ्या पोर्टलवरील खर्चाच्या नोंदी, स्वयंसेवी संस्थांची नोंद असलेल्या दर्पण पोर्टलवरील माहिती आणि वृद्धांच्या अंगठ्यांचे हजेरीपट हे सगळे एकमेकांशी रुपयारुपयाने जुळावे लागते. आदल्या वर्षी आमचे प्रमाणपत्र दोनदा परत आले होते. एकदा व्याज वेगळे दाखवले नव्हते म्हणून आणि एकदा मंजुरीपत्राचा क्रमांक चुकला म्हणून. मी निवृत्त शिक्षिका आहे, संस्थेकडून एक रुपयाही मानधन घेत नाही, आणि एप्रिल-मे असे दोन महिने माझे फक्त व्हाउचरे चिकटवण्यात जातात. अशा वेळी कुणी ‘बिलाचा फोटो काढा, बाकीचा अहवाल आपोआप तयार होईल’ असे म्हटले, तर ते ऐकून घेण्यात मी काही पाप केले असे मला आजही वाटत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. संस्थेचे नाव, आमचा दर्पण क्रमांक आणि योजनेचे नाव त्याने न अडखळता सांगितले. दर्पणवरील संस्थांची माहिती कुणालाही पाहता येते, हे मला ठाऊक होते. तरीही इतके नेमके बोलणारा माणूस सरकारी कामाशी संबंधित असणारच, असे मी धरून चालले. आपली माहिती समोरच्याला ठाऊक आहे म्हणून तो आपला होत नाही, हे आता कुणी फोन केला की मी आधी स्वतःला बजावते.

सॉफ्टवेअर खरोखर चालत होते, हे मुद्दाम लिहिते, कारण ‘इतके साधे कसे कळले नाही’ असे विचारणाऱ्यांना ते माहीत नसते. आमची २१२ व्हाउचरे तीन दिवसांत मानधन, भोजन, औषधे आणि भाडे अशा शीर्षांखाली लागली आणि बेरीज आमच्या कीर्दीशी तंतोतंत जुळली. त्याआधी त्याने १६,००० रुपये वर्गणी आणि १,४४० अधिक १,४४० रुपये जीएसटीचे बिल पाठवले होते. बिलावर पत्ता पुण्याचा होता, कर केंद्राचा व राज्याचा असा निम्मा-निम्मा लावला होता, आणि जीएसटी क्रमांक मात्र २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, २९ कर्नाटकाचा. त्याच आठवड्यात २७ ने सुरू होणारी कितीतरी बिले मी माझ्या हाताने फाइलला लावली होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहायला एक मिनिट लागले असते. ते मिनिट मी दिले नाही.

मात्र ज्या क्षणाची मला रात्री झोप लागू देत नाही इतकी चीड येते, तो याच्याही पुढचा आहे. १४ मे २०२५, दुपारची वेळ. केंद्रात जेवणे सुरू होती, वळवाच्या पावसाने वीज गेली होती आणि मी खिडकीपाशी मोबाईल घेऊन बसले होते. अखर्चित रक्कम भारतकोषवर, म्हणजे केंद्र सरकारकडे पैसे भरण्याच्या संकेतस्थळावर, भरण्याचे चलनही आमच्याच सॉफ्टवेअरमधून निघते, असे सांगून त्याने चलन पाठवले. भारतकोषवर एनईएफटीने पैसे भरण्याची सोय खरोखर आहे आणि तिच्या चलनावर खाते क्रमांक असतो, त्यामुळे चलन पाहून शंका आली नाही. परंतु बँकेत तो खाते क्रमांक घातल्यावर पडद्यावर लाभार्थी म्हणून एका व्यक्तीचे नाव आले. नाव आणि आडनाव, एका साध्या माणसाचे. मी ते मोठ्याने वाचले. त्याला फोन करून विचारलेही. तो म्हणाला, “ताई, ते आमच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव दिसते, रात्री बारापर्यंत रक्कम सरकारी खात्यात आपोआप वळती होते.” आतापर्यंत मॅडम म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ताई म्हणाला. भारत सरकारच्या तिजोरीत जाणारा पैसा कुणा माणसाच्या नावावरून जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळते. मला कळले होते, म्हणून तर मी विचारले. विचारले आणि उत्तर ऐकून गप्प बसले.

आमच्या खात्यातून पैसे जायला दोघांची मंजुरी लागते. खजिनदार आबा द्राक्षबागेत फवारणीवर होते. मी फोन केला, त्यांनी त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मला वाचून दाखवला आणि तो मी टाकला. दोन सह्या कशासाठी असतात, हे आम्ही दोघांनी मिळून मोडीत काढले. पीएफएमएसवरही भरणारा वेगळा आणि मंजुरी देणारा वेगळा असतो. तिथले दोन्ही पासवर्ड माझ्याच वहीत होते. ज्या संस्थांमध्ये असे चालते, त्यांनी आजच्या आज ते बदलावेत.

सायंकाळी त्याच्याकडून पावती आली. १९ जूनला अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याकडून अखर्चित रक्कम अद्याप जमा नसल्याचा मेल आला, तेव्हा मी पावतीवरील क्रमांक भारतकोषच्या संकेतस्थळावर पहिल्यांदा तपासला. अशी कोणतीही नोंद नव्हती. त्याचा फोन बंद, सॉफ्टवेअरही उघडेना. पैसे जाऊन ३६ दिवस झाले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. पावती मिळताच तपासली असती, तर तेवढा वेळ माझ्या हातात होता.

त्यानंतरचे हेलपाटे लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात मला पहिल्या दिवशी तीन तास बाकावर बसवले आणि बिलावर पुण्याचा पत्ता आहे, तिकडे जा, असे सांगितले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. ते कलम मी छापून नेले, तेव्हा ‘तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का’ हे ऐकावे लागले. चौथ्या फेरीत अर्ज घेतला, पण पोच द्यायला आणखी दोन दिवस लावले. बँकेत सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः केला, ओटीपी तुम्ही दिला, आमची जबाबदारी नाही. नियमाने त्यांचे म्हणणे खरे असेल. पण ज्या खात्यात पैसे गेले, त्या बँकेला पत्र पाठवायलाही त्यांना नऊ दिवस लागावेत? अनुदान देणाऱ्या कचेरीने तर एका ओळीत उत्तर दिले की फसवणूक हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे, रक्कम व्याजासह भरावी, तोपर्यंत पुढील हप्ता विचारात घेतला जाणार नाही. वृद्धांच्या जेवणाचा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता. ज्या नमुन्यांच्या किचकटपणामुळे आमच्यासारख्या संस्था असल्या माणसांच्या दारात जातात, तो नमुना साध्या मराठीत समजावून सांगणारा एक कर्मचारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसवावा, असे कुणाला वाटत नाही. चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण तीन कचेऱ्यांनी मला गुन्हेगारासारखे उभे केले, हेही नाकारणार नाही.

आमचे पैसे गेलेल्या त्या बँक खात्यात ११,३०० रुपये शिल्लक सापडले आणि ते गोठवले आहेत. ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे.

२२ जुलैला आबांनी आणि मी प्रत्येकी ७१,८३९ रुपये स्वतःच्या खिशातून संस्थेच्या खात्यात जमा केले आणि भारतकोषवर पुन्हा १,४३,६७८ रुपये भरले. या वेळी आबा बाग सोडून केंद्रात आले. संकेतस्थळाचा पत्ता gov.in ऐवजी दुसरा काही नाही ना, हे आम्ही अक्षर अक्षर वाचले; त्यांचा ओटीपी त्यांनी स्वतः टाकला. पावतीचा क्रमांक लगेच तपासला. नोंद दिसली, तेव्हा आबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून तसेच बसून राहिले. पुढचा हप्ता अजून आलेला नाही. केंद्रातले दुपारचे जेवण सध्या गावातून गोळा होणाऱ्या धान्यावर चालू आहे.