लोंबणारी कातडी, बिनव्याजी हप्ते आणि फोटोतली बेंबी

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया झाल्यावर वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते, पण त्या वजनाभोवती ताणली गेलेली कातडी जिथल्या तिथे राहते. गोव्यात ज्यांना हा अनुभव आला असेल किंवा पुढे येणार असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. या लोंबणाऱ्या कातडीवर ‘ऑपरेशनशिवाय इलाज’ विकणाऱ्या पणजीतल्या एका केंद्राने मला जवळजवळ एक लाख रुपयांना फसवले, आणि त्यांची पद्धत इतकी सरावाची होती की ती माझ्या एकटीसाठी रचलेली असणे शक्य नाही.

मी फोंडा तालुक्यात राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. मुंबईतल्या एका रुग्णालयात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवण्यात आली, आणि पुढे वजन ११८ किलोंवरून ७४ किलोंवर आले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. त्या शस्त्रक्रियेबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मात्र पोटाची कातडी पदरासारखी सुटून जांघेवर आली. परकराची नाडी घडीच्या वर बांधावी तर घडी खाली लोंबून साडीतून दिसते, आणि खाली बांधावी तर ती कातडीत रुतते, ही अडचण ज्या बाईने सोसली नाही तिला सांगून कळायची नाही. शिवाय आपल्याकडची दमट हवा! घडीत घाम साचतो, कातडी कातडीला घासून लाल होते, त्यावर बुरशी धरते, आणि आपल्याच अंगाला येणाऱ्या वासाने माणूस चारचौघांत बसायला कचरू लागतो. अशा माणसाला ‘हे शिवण्याकापण्याशिवाय बरे होते’ असे कोणी सांगितले, तर तो ऐकायला जाणारच, आणि हे त्या केंद्राच्या लोकांना पक्के ठाऊक होते.

मोबाईलवर जाहिरात दिसली, चौकशीचा अर्ज भरला आणि तासाभरात फोन आला. केंद्र चकचकीत होते. पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थांची ओळख ‘डॉक्टर’ म्हणून करून देण्यात आली, पण ते थोडा वेळच थांबले. बाकी सगळे बोलणे समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने केले. “ताई, ऑपरेशन केलंत तर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके पडतील, महिनाभर वाकता येणार नाही, आणि एवढं करून व्रण जन्मभर राहील तो राहीलच,” असे तिने मला सांगितले. यातले अक्षर न् अक्षर खरे आहे, हे मला पुढे खऱ्या सर्जनकडूनच कळले. खोटे पुढच्या वाक्यात होते: रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्राने त्वचेला आतून ऊब दिली की कोलॅजन नव्याने तयार होते आणि ‘तुमची एवढी कातडी’ सहा महिन्यांत आवळून पोटाला चिकटते. मग तिने फोटोंचा अल्बम काढला. एका बाजूला माझ्यासारखेच लोंबणारे पोट, दुसऱ्या बाजूला सपाट पोट. पॅकेज १,४४,००० रुपयांचे, चवथीनिमित्त सवलतीत ९६,००० आणि तेही बिनव्याजी हप्त्यांनी. पण सवलत आजच्या दिवसापुरती.

उपचार सुरू झाल्यावर दर खेपेला पोट मोजले जाई. पहिल्या दिवशी मला उभे करून, श्वास सोडायला सांगून, घडीच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवली होती. पुढच्या वेळी टेप धरणाऱ्या मुलीने डाव्या हाताने घडी अलगद वर उचलली, टेप तिच्या खालून घेतली आणि मला श्वास आत घ्यायला लावला. आकडा अर्थातच कमी आला आणि तो माझ्या कार्डावर हिरव्या शाईने लिहिला गेला. फोटोंचेही तेच: आधीचा फोटो वरून पडणाऱ्या दिव्याखाली, ज्यात प्रत्येक सुरकुतीची सावली पडते, नंतरचा समोरच्या उजेडात, हात डोक्यावर घ्यायला लावून. हात वर केले की पोटाची कातडी आपोआप वर ओढली जाते, हे कोणीही आरशासमोर उभे राहून पाहावे. घरच्या परकराची नाडी मात्र होती तिथेच बांधावी लागत होती. ऊब देण्यासाठी चोपडलेले जेल घडीत राहून पुरळ वाढले, तेव्हा ‘विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे उत्तर मिळाले.

पुरळ चिघळल्यावर मी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गेले. त्वचाविभागाने बुरशीवर औषध दिले आणि प्लास्टिक सर्जरी विभागाकडे पाठवले. तिथल्या सर्जननी घडी दोन बोटांत धरून सोडली आणि ती किती सावकाश जागेवर जाते ते मलाच बघायला सांगितले. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटलेले असतात. त्वचा मागे खेचण्याचे काम त्यांचे, आणि तेच उरलेले नसतात. रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा अल्ट्रासाउंडच्या यंत्राने थोडा फरक पडतो तो सौम्य सैलपणात, म्हणजे बाळंतपणानंतरच्या किंवा वयामुळे थोड्या ओघळलेल्या त्वचेत. हातभर लोंबणारी जादा कातडी कोणत्याही उबेने नाहीशी होत नाही, ती कापूनच काढावी लागते. चरबी गोठवणारे यंत्र आणि लायपोसक्शन ही चरबी कमी करण्याची साधने आहेत. कातडी आधीच सैल असेल तर आतली चरबी गेल्यावर ती आणखीच लोंबते.

नुसती लोंबणारी घडी कापण्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. ॲबडॉमिनोप्लास्टीत पोटाचे सैल झालेले स्नायूही आतून टाक्यांनी जवळ आणतात आणि बेंबी आपल्या देठावर तशीच ठेवून, वरून खाली ओढलेल्या कातडीत नवे छिद्र पाडून त्यातून बाहेर घेतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर बेंबीचा आकार बदलतो, तिच्याभोवती बारीक गोल व्रण राहतो आणि ओटीपोटावर आडवी रेघ राहते. हे ऐकताना मला तो अल्बम आठवला. त्याची काही पाने मी मोबाईलवर टिपून घेतली होती. घरी येऊन ती मोठी करून पाहिली. ‘आधी’च्या फोटोत आडवी, दबलेली बेंबी आणि ‘नंतर’च्या फोटोत उभी, नीटस, कडेला फिकट वळे असलेली, आणि आतल्या कपड्याची पट्टी नको तितकी वर ओढलेली, म्हणजे ती रेघ झाकली जावी. यंत्राचा म्हणून जो गुण मला दाखवला गेला, तो कोणा दुसऱ्याच सर्जनच्या सुरीचा होता. हा अल्बम ज्यांच्यासमोर उघडला जाईल त्यांनी सर्वांत आधी बेंबी पाहावी.

संमतिपत्राची प्रत मला सही करताना दिली नव्हती. आमच्या पतसंस्थेत दोन हजारांच्या कर्जालासुद्धा सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत खातेदाराला देतात. बरेच मागे लागल्यावर जी मिळाली, तिच्यात बारीक इंग्रजी अक्षरांत छापले होते की हा उपचार सौम्य सैलपणासाठी असून तो शस्त्रक्रियेला पर्याय नाही. म्हणजे माझ्या पोटाला हे यंत्र लागू पडणार नाही, हे त्यांच्याच कागदाला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

जाब विचारायला गेले तेव्हा दुसरा सापळा तयार होता. ‘तुमच्या त्वचेने प्रतिसाद दिला नाही,’ असे म्हणून त्यांनी बाहेरगावाहून येणाऱ्या सर्जनकडून, त्याच केंद्राच्या मागच्या खोलीत, आणखी पैसे घेऊन कातडी काढून देण्याची तयारी दाखवली, आणि विम्यासाठी कागद हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे करून देऊ असे वर सांगितले. पोटाची कातडी काढणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे: बहुधा पूर्ण भूल, जखमेत साचणारे पाणी काढण्यासाठी नळ्या, पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून काळजी, जखम उसवण्याचा किंवा पिकण्याचा धोका. ती मागच्या खोलीत उरकायची गोष्ट नव्हे. त्यातही लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथिने, लोह, बी-१२ यांची कमतरता राहिलेली असेल तर जखम भरत नाही, म्हणून खरा सर्जन आधी रक्त तपासतो आणि वजन काही महिने एका जागी स्थिर आहे ना ते पाहतो. केंद्रात मला वजनाचा इतिहास कोणी विचारलाच नव्हता. विम्याचे म्हणाल तर सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी सर्वसाधारण आरोग्यविम्यात बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला थेट धोका असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेले प्रकरण एवढाच अपवाद असतो. घडीतले वारंवारचे जंतुसंसर्ग त्या अपवादात मांडून पाहता येतात, आणि त्यासाठी त्वचाविभागाचे जुने केसपेपर जपून ठेवावेत. हर्नियाचा खोटा कागद मात्र पकडला गेला तर दावा फेटाळला जातो आणि पॉलिसीही जाते, आणि तेव्हा सही रुग्णाची असते.

पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांच्या दारावर ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ आणि कसल्याशा फेलोशिपचे नाव होते. आपल्या देशात प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस आणि शल्यचिकित्सेचे शिक्षण झाल्यावर त्या विषयात एम.सीएच. किंवा डीएनबी केलेला डॉक्टर. नोंदणी क्रमांक मागावा आणि तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत किंवा गोवा मेडिकल कौन्सिलकडे पडताळावा. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो त्याच्यापुढे पोट उघडे करू नये.

आता पैशांविषयी, कारण हा माझा रोजचा विषय आहे. बिनव्याजी कर्ज अशी वस्तू बाजारात नसते. व्याज किमतीत मुरवलेले असते किंवा प्रक्रिया शुल्कात. केंद्राच्या काउंटरवर माझ्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने जे झाले, ते केंद्राशी हप्ते ठरवणे नव्हते. एका वित्तकंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्याच आठवड्यात केंद्राला चुकती केली आणि माझ्या खात्यावर नॅच, म्हणजे दर महिन्याचा हप्ता खात्यातून आपोआप कापून घेण्याची सोय, लावला. केंद्राचे पैसे वसूल झालेले, उपचार अर्धवट, आणि हप्ता दर महिन्याला कापला जातो तो माझा. रागाच्या भरात हप्ता बंद केला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीवरून ठरणारी आपली पत, आपलीच बिघडते. अशा डिजिटल कर्जात कंपनीने की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे व्याज व सर्व खर्च एका पानावर मांडणारा तक्ता, द्यावाच लागतो, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या काळाचे व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ती मुदत त्याच तक्त्यात लिहिलेली असते. केंद्रातली मुले ती सांगत नाहीत, कारण तेवढे दिवस गेले की गिऱ्हाईक बांधले जाते. केंद्राची पावतीही साध्या छापील वहीतली होती. सौंदर्योपचारांना जीएसटी लागतो, तरी तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

मी वित्तकंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला संमतिपत्राची प्रत, दोन्ही वेळच्या मोजमापांचे कार्ड आणि बांबोळीचा केसपेपर जोडून लेखी कळवले. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि तसे मी गेले. राहिलेले हप्ते तूर्त स्थगित झाले आहेत. भरलेले परत मिळालेले नाहीत. केंद्राविरुद्ध आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क पडत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. तारीख पडली आहे.

दरम्यान केंद्राने पाटी बदलली असून त्याच जागेत, त्याच यंत्रावर, नव्या नावाने काम चालू आहे. तिथे आधी पैसे भरलेल्यांनी जुन्या नावाची पावती, मोजमापाचे कार्ड आणि हप्ता कापल्याची बँकेची नोंद टाकून देऊ नये. तक्रार करण्याची मुदत तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि एकाच स्वरूपाची तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो.