सांगलीतला एक बाइंडर : शिलाई उत्तम, वेलांटी चुकली

आधी दर सांगतो, कारण बरेच जण तेवढंच वाचून पुढं जातात. जाड ग्रंथ, पूर्ण उसवून पुन्हा दोऱ्यानं शिवणं, नवा पुठ्ठा, वर कापड, कण्यावर सोनेरी नाव, सगळे मिळून 950 रुपये. मुदत पंधरा दिवसांची सांगितली होती, लागले एक्केचाळीस. पावती मिळत नाही, मोबाइलवरून पैसे घेत नाहीत, फोन उचलत नाहीत. दुकानाचं नाव मी देत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. "हाय तेच उरकंना, आनि कशाला मानसं धाडताय." ज्याला खरंच गरज आहे त्यानं गावभागाकडं जाऊन चार ठिकाणी विचारावं, सापडेल.

मी विमा सर्व्हेअर. नुकसान किती झालं, कशानं झालं आणि ते पॉलिसीत बसतं का, या तीन प्रश्नांवर एकतीस वर्षं माझं घर चाललंय. त्यामुळं हे लिहिणं थोडं सर्व्हे रिपोर्टासारखं होणार, चालवून घ्या.

वस्तू : आईची सार्थ ज्ञानेश्वरी, तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली. नुकसानीचा काळ : ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे; त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही आईला उचलून विश्रामबागेत बहिणीकडं नेलं आणि देवघरातले देव घेतले. ज्ञानेश्वरी मात्र खालच्या फळीवर उभी होती, ती राहिली. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा पुस्तक जागेवरच, फक्त फुगून दुप्पट झालेलं. प्रत्येक पानावर खालून साडेचार इंचांवर गाळाची बारीक तपकिरी रेघ. फळी जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे घरात पाणी चार फूट साडेचार इंच. माझ्या घराच्या क्लेममधला पाण्याच्या पातळीचा आकडा मी त्या रेघेवरूनच काढला. ज्ञानेश्वरीचा असा उपयोग कुणी केला असेल असं वाटत नाही.

मग ते पुस्तक एका ट्रंकेत काही वर्षं पडलं. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा ट्रंक माडीवर होती. यंदा आई म्हणाली, "मला आता वाचता येत नाही, पण पाटावर असू दे की." म्हणून बाइंडर.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एक कटिंग मशीन, लोखंडी प्रेस, कॅलिकोचे ताके, आणि स्टोव्हवर मैद्याची खळ शिजतेय. मालक सत्तरीचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला (खरंच वास घेतला), मग एकेक फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा जुडगा, उलटत गेले. अर्ध्याच्या अलीकडं थांबले. पान दाराकडं, उजेडात धरलं.

"हितला एक फॉर्म न्हाई. सोळा पानं."

"पुरात गेली."

"हे पान्यानं गेलेलं न्हवं. पान्यानं कागद सुटतोय, असा फाटत न्हाई. आनि ही कड बगा, तांबडी पडलीया. इस्त्री फिरवलासा काय?"

एकतीस वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारलाय. गोदामवाल्याला विचारलाय, हळदीच्या व्यापाऱ्याला विचारलाय. 'हे पाण्यानं गेलं, का ताडपत्री टाकायला विसरलात?' समोरच्याचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे. माझं तसंच झालं असणार.

खरं असं की 2019 च्या ऑगस्टअखेर घरात लाइट आल्यावर मी पानं सोडवायला बसलो होतो. घाई होती, दारात गाळ, फोनवर शंभर क्लेम. चिकटलेल्या पानांवर इस्त्री फिरवली, करपल्याचा वास आला, घाबरून ओढलं. सोळा पानं चिंध्या होऊन हातात. त्या चिंध्या मी गाद्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि आईला सांगितलं, पाण्यात गेली. नवव्या अध्यायाचा शेवट होता तो.

तेव्हापासून आई रोज सकाळी पूजेच्या वेळी देवाला बोलायची. "घर भिजवलंस, गाद्या नेल्यास, ते जाऊ दे. माझा नववा अध्याय कशाला नेलास रे?" जनाबाईनं त्याला कारट्या म्हटलंय, मग मी एवढं बोलले तर काय, हे तिचं म्हणणं. मी शेजारच्या खोलीत दाढी करत ऐकायचो.

दुसऱ्या खेपेला मेहुणा बरोबर होता. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा, आता निवृत्त आहे आणि ऐकणारा शोधत असतो. काम झालेलं नव्हतंच, म्हणून आम्ही स्टुलांवर बसलो. मी त्याला इस्त्रीचं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की देव चांगला आणि सगळं त्याच्या हातात, तर मग हे असं का? तो खूश झाला. म्हणाला, हा प्रश्न एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगतात : वाईट थांबवायची इच्छा आहे पण ताकद नाही? ताकद आहे पण इच्छा नाही? दोन्ही असेल, तर वाईट आलं कुठून? मग 1710 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं लिहिलं की शक्य होती त्यांतली सगळ्यात चांगली सृष्टी हीच. पंचेचाळीस वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1755 ला, पोर्तुगालमधल्या लिस्बनला भूकंप झाला. सणाचा दिवस, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. देवापुढं लावलेल्या मेणबत्त्या कलंडून आगी लागल्या, आणि वरून समुद्र आत आला.

मला मेणबत्त्यांचं पटकन कळलं. मूळ कारण भूकंप की मेणबत्ती, हा वाद आमच्या धंद्यात रोजचा आहे. लायब्निझ मात्र मला कंपनीच्या वकिलासारखा वाटला. क्लेम नाकारण्यासारखं काही नाही हे दिसल्यावर 'नुकसानच झालेलं नाही' म्हणणारा.

मग मेहुणा ब्रह्मसूत्रांवर, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावर, आला. दुसऱ्या अध्यायात पहिल्याच पादात हाच आक्षेप आहे म्हणे, की कुणाला सुख कुणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यावर सूत्र : 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माकडं बघून देतो, त्यामुळं त्याच्यावर ठपका नाही. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिलाय पावसाचा. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. भात होणार की जव, ते बीज ठरवतं.

सांगलीच्या माणसाला पावसाचा दाखला देणं म्हणजे काय, तुम्हीच बघा. पाऊस सारखा पडतो हे खरं, पण 2019 ला भात, ऊस, सोयाबीन सगळं सारखंच कुजलं. आणि पावसाला कुणी सर्वशक्तिमान म्हणत नाही. कोयनेत किती, वारणेत किती, हे तो ठरवून पडत नाही. मी म्हटलं, मग जगात पहिल्यांदा दुःख झालं तेव्हा कर्म कुणाचं होतं? मेहुणा म्हणाला, पुढच्याच सूत्रात ते आहे : संसार अनादि, त्याला पहिलं असं काही नाहीच. म्हणजे नुकसानीच्या तारखेचा रकाना कोरा. असली फाइल माझ्याकडं आली तर मी परत पाठवतो.

बाइंडर एवढा वेळ पुठ्ठ्याला खळ लावत होते. एका बाजूनं खळ लागली की पुठ्ठा वाळताना वाकतो, डोळ्यांदेखत कमान होते त्याची. म्हणून ते लगेच दुसऱ्या बाजूलाही कागद चिकटवतात आणि प्रेसमध्ये रात्रभर दाबतात. मेहुण्यानं ते बघितलं आणि मांडीवर हात मारला. "जे खळांची व्यंकटी सांडो! पसायदान हो, पसायदान!" बाइंडर हसले नाहीत. "मोरचूद घातलाय त्यात," म्हणाले, "हात धुवून च्या घ्या."

चहा चांगला होता. रिव्ह्यूत लिहितो.

आमच्या गावात हा प्रश्न खरं तर देवाच्या नावानं कुणी विचारत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी वेळेत सोडलं का, कोयनेचे दरवाजे कधी उघडले, पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले, असा विचारतात. सरकारनं वडनेरे समिती नेमली तीही याच प्रश्नांवर. मला यात काही चूक वाटत नाही. जुन्या कागदांत 'दैवी आपत्ती' असा शब्द असायचा, आता 'नैसर्गिक' लिहितात. पण मी केलेल्या पुराच्या सर्व्हेंतला निम्मा माल असा होता की शटरला पाणी लागेपर्यंत मालक 'येत नाही हो इथवर' म्हणत बसला होता. तो निम्मा देवाच्या खात्यावरून काढून आमच्या खात्यावर टाकायला मी केव्हाही तयार आहे. माझी सोळा पानं धरून.

पण सगळं त्यात बसत नाही. 8 ऑगस्ट 2019, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. पुरातून बाहेर काढायला निघालेली बोट उलटली. बायका होत्या तिच्यात, लहान मुलं होती. बोटीत माणसं जास्त बसली, बरोबर. बसणार नाहीत तर काय करतील? माझ्या पद्धतीनं मी कारणं एकाखाली एक लिहू शकतो, आणि प्रत्येक कारण खरं असेल. तरी कडेवरच्या पोराच्या नावापुढं त्यातलं एकही लिहायला हात होत नाही. मेहुण्याला मी हे म्हटलं तेव्हा पहिल्यांदाच तो गप्प बसला. म्हणाला, "अनादि वगैरे वर्गात शिकवायला बरं असतं."

त्याच रात्री मी दुसऱ्याच्या प्रतीतून नवव्या अध्यायाचा शेवट वाचला, म्हणजे माझ्या हातून गेलेली पानं. मला वाटलं होतं तिथं समर्थन असेल. गीतेत एवढंच आहे की हा लोक अनित्य आणि सुखाविना आहे, तो मिळालाय तर मला भज. ज्ञानेश्वर मात्र तिथं हळहळत बसलेत. इथला चंद्रसुद्धा क्षयरोगी, म्हणतात. साप बेडकाला गिळतोय आणि बेडूक तशातही माश्यांसाठी जीभ बाहेर टाकतोय. मृत्युलोकाचं सगळं उफराटं आहे असं सरळ म्हणून टाकलंय. शके 1212 चा ग्रंथ. हिशोब जुळवल्याचा आव कुठं नाही. मला बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

आता कामाबद्दल. शिलाई अप्रतिम. पुस्तक कुठंही उघडलं तरी सपाट पडतं, मधेच फटकन मिटत नाही. गाळाची रेघ तशीच आहे. ती घासली तर अक्षर जाईल, म्हणाले, आणि ते बरोबर आहे. कटिंग करताना समास शिल्लक ठेवलाय, नाहीतर पुष्कळ बाइंडर कड सरळ करायच्या नादात मजकूर कापतात. गेलेल्या सोळा पानांच्या जागी मी झेरॉक्स लावायला सांगितलं होतं. ती त्यांनी लावली नाहीत, सोळा कोरी पानं शिवली. विचारलं तर म्हणाले, झेरॉक्सचा कागद जाड, शिवणीत फुगतोय, कणा तरकतोय. सांगितलेलं न करणं हा दोष आहे, मी गुण कापणार होतो. पण पुस्तक हातात घेतल्यावर कळलं की जाडी पूर्वीएवढीच आहे.

गुण कापलाय तो दुसऱ्यासाठी. कण्यावर सोनेरी अक्षरांत 'ज्ञानेश्वरि' छापलंय, ऱ्हस्व. दाखवलं तर चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "खिळा संपला हुता." म्हणजे दीर्घ वेलांटीचा छपाईचा टाइप. पाचपैकी साडेचार.

आईच्या पाटावर पुस्तक ठेवलं. तिनं कणा चाचपला, पानं उलटत गेली, आणि बोटांना कोरा कागद लागला तशी थांबली. कागदाचा गुळगुळीतपणा वेगळा आहे. म्हटलं, आई, ही पानं पाण्यात गेली नाहीत. माझ्या हातून फाटली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "करपल्याचा वास माडीपर्यंत आला होता."

"मग इतकी वर्षं देवाला कशाला बोलत होतीस?"

"तो ऐकून घेतो. तुला बोललं की तू चार दिवस तोंड फुगवून बसतोस."

मग तिनं पान उघडं धरून पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि पेन आण म्हणाली. रोज जेवणानंतर दहा-बारा ओव्या लिहितोय. माझं अक्षर रिपोर्टातलं आहे, वर रेघ नसलेलं, ती म्हणते चालेल. एक सांगायचं राहिलं : कोरी पानं लेजर पेपरची आहेत, शाई अजिबात फुटत नाही. काल बेडकापर्यंत आलो.